मागची सीट

शालिकराम : तुमच्या कॅमेऱ्याले तिच्या डोक्यावर हेल्मेट नाई हे दिसलं. पायात चप्पल नाई हे नाई दिसलं? भर मे महिन्यात, डांबर पघळते अशा दुपारी, एक पोट्टी उघड्या पायानं गाडीवर बसून चालली, अन् तुम्ही काय करता? तिचा फोटो काढता अन् बापाले दंड पाठवता. तुम्ही रस्ता राखाले बसले का गल्ला भराले बसले?

प्रेमिला : असं म्हणान तुम्ही कोर्टात मॅडमसमोर?

शालिकराम : असंच म्हणीन. एका अक्षराचा फरक नाई.

प्रेमिला : हळू बोला मंग. तो दाराजवळचा हवालदार पाहून राहिला इकडं.

शालिकराम : पाहू दे. पाहाचा पगार भेटते त्याले. पाहतात सगळे, करत कोणी काही नाई.

प्रेमिला : असे तावातावानं बोलले तं मॅडम म्हणतीन हा बुवा भांडाले आला. हाकलून देतीन. मंग जवायाले कोण विचारीन? नीट पाठ करा. समजा का मीच मॅडम हाय. गाडी कोणाची?

शालिकराम : तू मॅडम?

प्रेमिला : गाडी कोणाची, सांगा.

शालिकराम : माह्या नावावर हाय, साहेब. पण मी चालवत नाई. माही पोरगी काजल, तिच्या लग्नात जवायाले आंदण देली. तो चालवते. चंदन त्याचं नाव.

प्रेमिला : आंदण देली तं त्याच्या नावावर काहून नाई केली?

शालिकराम : हे विचारतीन का त्या?

प्रेमिला : विचारतीनच. कोणीही विचारीन.

शालिकराम : मंग सांगीन का आमच्यात असं होत नाई. आंदणाची वस्तू देऊन जवायाले म्हणता येते का, चाल बाबू आरटीओत, तुह्या नावावर करून घे? सोयरे म्हणतीन, सासरा हात झटकून राहिला. माह्या बापानं बहिणीच्या लग्नात भाटव्याले सायकल देली होती, तिची पावती मरेपर्यंत आपल्याच पेटीत ठेवली. गाडी त्याची, नाव आपलं. म्हणजे जबाबदारी आपली. अशीच रीत हाय.

प्रेमिला : रीत.

शालिकराम : मले काय मालूम होतं वं, का नावावर असली का सरकार फोटोही पाठवते म्हणून.

प्रेमिला : मी काही म्हटलं का? नाव चढवलं असतं तं फोटो त्याच्याच मोबाईलवर गेला असता. आपल्याले काहीच कळलं नसतं. ते राहू द्या. पुढचं सांगा. पहिली चालान आली तवा काहून नाई बोलले?

शालिकराम : पहिली आली तवा मी लाकडाच्या टालीवर होतो. सागाचा ट्रक खाली करून राहिलो होतो. मोबाईल वाजला. पाहतो तं जवाई सिग्नल तोडून चालला अन् मांगं काजल बसली, दात काढून हासून राहिली. मले दंडाचा राग नाई आला. मी तो फोटो टालीवर सगळ्याईले दाखवला, म्हटलं पाहा, माही पोट्टी. मालक हासला, म्हणे शालिकराम, चालान कोणी फ्रेम करते का. भरून टाकली गुपचूप. जवायाले काय सांगाचं?

प्रेमिला : हे नोका सांगू मॅडमले.

शालिकराम : काहून?

प्रेमिला : म्हणतीन, तुम्ही दरवेळी भरली तं आता काय झालं.

शालिकराम : आता काय झालं, हेच तं सांगाले आलो मी इथी.

प्रेमिला : तुम्ही रागावता मंग मले बोलाले सुचत नाई.

शालिकराम : तुह्यावर नाई रागावत. थांब, पाणी पी. ही बाटली कोमट झाली. ... मले सांग, तू नाई पाहत होती का? चालान आली का आधी मागची सीट पाहो मी. पोट्टी दिसली का बरं वाटो. तिचा फोन बंद झाला तवापासून तं मी चालानीची वाट पाहो.

प्रेमिला : मीही. तुम्ही आंघोळीले गेले का मोबाईल उघडून पाहो. एका फोटोत तिनं मी शिवलेला पिवळा ड्रेस घातला होता. खांद्यावर थोडा ढिला झाला होता. मी मनात म्हटलं, बारीक झाली.

शालिकराम : मले नाई सांगतलं तू.

प्रेमिला : तुम्ही लगेच निघाले असते तिच्या घरी. अन् मांगं एकडाव तुम्ही विचारलं होतं तं काय झालं, आठवते नं. नुसतं इतकंच विचारलं होतं तुम्ही जवायाले, का पोट्टीच्या मनगटावर काळं-निळं कायचं हाय.

शालिकराम : आठवते.

प्रेमिला : दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. हळूच बोलली. म्हणे बाबाले सांग, त्याईले काही विचारत नोका जाऊ. तुम्ही विचारता अन् मले भरा लागते.

शालिकराम : पुरे.

प्रेमिला : म्हणून म्हणते, अजूनही टाइम हाय. त्या खिडकीवर दंड भरा, पावती घ्या, घरी चला. जवाई आला नाई अजून. आलाच नाई असं समजू. आपण भरली हे त्याले कळलं का तो शांत होईन. शांत राहिला तं तिले...

शालिकराम : तिले काय? तुले वाटते ती हाय तिथी?

प्रेमिला : तसं तोंडातून काढू नोका.

शालिकराम : मी नाई काढत. पण तू मले सांग. मानेवाड्यातल्या त्याच्या खोलीवर आपण गेलो, कुलूप. घरमालकीण म्हणे बाई दिसली नाई गंज दिवस झाले. सावनेरले त्याच्या मायपाशी गेलो, तिनं दारातूनच सांगतलं का सूनबाई बाजारात गेली. आपण दुपारभर बसलो त्या झाडाखाली. कोणता बाजार असतो असा, का गेलेली बाई येतच नाई? चहासुद्धा नाई विचारला तिनं आपल्याले.

प्रेमिला : ती भेली होती.

शालिकराम : कोण?

प्रेमिला : त्याची माय. दाराची कडी धरली होती तिनं. मी पाह्यलं. मले तवाच भेव वाटलं. रागीट माणसाची माय भेली तं समजाचं.

शालिकराम : अन् पोलिसात? तिथी तं तूच होती माह्यासोबत. मी म्हटलं पोट्टी गुमली, लिहून घ्या. त्यानं जवायाले फोन लावला माह्यासमोर. जवाई म्हणे घरी हाय, सैपाक करून राहिली. झालं. साहेब म्हणे, काका, नवरा सांगते घरी हाय, तं गुमली कशी? नवराबायकोचा मामला हाय, तुम्ही मायबाप मधात पडता म्हणून घरं मोडतात. अन् वरतून मले शिकवते, पोरीले थोडं सहन कराले शिकवा म्हणे.

प्रेमिला : त्याले म्हटलं होतं मी, पोट्टीसोबत एकडाव बोलवून द्या.

शालिकराम : तं म्हणे हे काय टेलिफोन एक्स्चेंज हाय का. ... लेकाचे. माणूस गुमलं तं लिहीत नाई, हेल्मेट गुमलं तं घरपोच लिहून पाठवतात.

प्रेमिला : हळू.

शालिकराम : हळूच बोलून राहिलो. म्हणूनच आलो नं मी इथी. त्या झाडाखालच्या वकिलापाशी गेलो होतो चालान दाखवाले. त्यानं आधी तेच सांगतलं, लोकअदालतीत आणा, अर्ध्यात सुटते. मी म्हटलं सोडाची नाई मले, लढाची हाय. हासला तो. म्हणे काका, एवढ्याशा चालानीसाठी? कोर्टात उभे राहिले तं मॅडम पहिले हेच विचारतीन का गाडी तुम्ही नाई तं कोण चालवत होतं. मालकाले नाव सांगा लागते. मंग त्या माणसाले कोर्टाचं बोलावणं जाईन, त्याले या लागीन. उगाच सोयऱ्याईत वाकडं येईन तुमचं. तो मले भेव दाखवून राहिला होता, अन् माह्या डोक्यात लाइट पडला. म्हटलं, या लागीन म्हणता? कोर्टाच्या कागदावर? पोलिसानं बोलावलं तं तो फोनवर निपटवते. माह्या बोलावण्यानं तं तो पोट्टीवर हात उचलते. पण हेल्मेटच्या दंडासाठी कोर्टानं बोलावलं, तं त्याले वाटीन म्हातारा कंजूस हाय. त्याच्या ध्यानातही येणार नाई का मले काय विचाराचं हाय.

प्रेमिला : अन् तुम्ही मांगच्या तारखीले मॅडमले म्हटलं का मांगं बसली ती माही पोरगी हाय, तिलेही बोलवा.

शालिकराम : म्हटलं. त्याईनं चष्म्यावरून पाह्यलं माह्याकडं. म्हणे पोरीला कशाला, काका? मी म्हटलं साहेब, तिच्याही डोक्यावर हेल्मेट नाई, तिचाही गुन्हा हाय. आणखी काही नाई बोललो. त्याईनं फोटो पाह्यला, गंज वेळ पाह्यला. अन् लिहून घेतलं.

प्रेमिला : त्याईले पाय दिसले असतीन.

शालिकराम : बाईमाणूस हाय. दिसले असतीन.

प्रेमिला : मले तं दुसरं काही दिसतच नाई त्या फोटोत. तोंड तं काय, दुपट्ट्यानं बांधलं हाय, नागपुरातल्या उन्हात सगळ्याच पोट्ट्या बांधतात. पण तिचा पाय मी ओळखीन. अंगठ्याजवळचं बोट थोडं वरती हाय, माह्यासारखं. चप्पल न घालता कोणी घरातून निघते का? पळून निघाली असीन, नाई तं ओढून काढली असीन. तिसरं काय असते, तुम्ही सांगा.

शालिकराम : गाडीवर बसली हाय वं ती. ओढून काढलेली बाई गाडीवर बसते का?

प्रेमिला : बसते. घरी घेऊन जातो म्हटलं का बसते. मायकडं सोडून देतो म्हटलं का बसते. पाहा, हात कुठी हाय तिचा. पहिलेच्या फोटोत त्याच्या खांद्यावर राहे. याच्यात मांगचं कॅरिअर धरून बसली.

शालिकराम : मी मेडिकलच्या सरकारी दवाखान्यातही जाऊन आलो नं. तिथल्याच चौकातला फोटो, म्हटलं दवाखान्यात घेऊन गेला असीन. अपघातवाल्याईच्या वॉर्डात विचारलं, बायाईच्या वॉर्डात विचारलं. या नावाची कोणी नाई म्हणे.

प्रेमिला : अन् तिसऱ्या जागी?

शालिकराम : कोणत्या तिसऱ्या?

प्रेमिला : जिथी तुम्ही मले बाहेर रिक्षात बसवून एकटे गेले.

शालिकराम : ... तिथीही नाई. खरं सांगतो. तिथी नाई.

प्रेमिला : शपथ?

शालिकराम : तुही शपथ. नव्हती वं. म्हणून तं मले अजून जोर हाय.

प्रेमिला : त्याच्यानंतरची चालान आली तवा तुम्ही मोबाईल माह्या हातात नाई देला. लपवून ठेवला. मी उघडलाच शेवटी. जवाई एकटा होता. मागची सीट रिकामी.

शालिकराम : रिकामी सीट म्हणजे काही नाई. माणूस एकटाही फिरते.

प्रेमिला : हाव. फिरते.

शालिकराम : तो पाह्य, तो लाल शर्टवाला बाहेर आला. मघा आपल्याजवळ बसला होता नं? त्याले मोटरसायकलवर सीटबेल्ट नाई लावला म्हणून चालान होती. मॅडम हासल्या म्हणे. सुटला.

प्रेमिला : बरं झालं त्याचं.

शालिकराम : मोटरसायकलले सीटबेल्ट. अन् पोलिसवाल्यानं तरीही सांगतलं म्हणे का सिस्टीममंदी आलं तं खरंच असीन. अशी हाय त्याईची सिस्टीम. हासत नाई तू?

प्रेमिला : अवो.

शालिकराम : काय?

प्रेमिला : खालती पाहा. तो पानठेला. निळा शर्ट.

शालिकराम : कुठी?

प्रेमिला : असं उभं नोका राहू, दिसान. तंबाखूचा खर्रा घोटून राहिला. जवाई हाय.

शालिकराम : तोच हाय. आला लेकाचा.

प्रेमिला : त्याच्या मांगं पाहा. गाडीजवळ पाहा. झाडाखाली कोणी उभं हाय का, दुपट्टा बांधून? माह्या डोयाले धुंद दिसते, तुम्ही पाहा.

शालिकराम : पाहून राहिलो.

प्रेमिला : हाय का?

शालिकराम : थांब नं.

प्रेमिला : नाई नं. एकटाच आला नं तो.

शालिकराम : असीन, बाथरूमले गेली असीन. मी जाऊन येतो खालती. तू इथीच बस. आपलं नाव पुकारलं तं हात वरती कर, अन् म्हण, माणूस खालती गेला, येते.

प्रेमिला : काही विचारू नोका त्याले. तुमच्या पाया पडते. आतमंदी मॅडमच्या समोर विचारू. खालती नोका विचारू.

शालिकराम : नाई विचारत. नुसतं राम राम करतो.

प्रेमिला : ... आले? काय म्हणे? तुम्ही इतके पांढरे काहून पडले? बसा. हा पदर घ्या, घाम पुसा.

शालिकराम : पाया पडला माह्या.

प्रेमिला : पाया?

शालिकराम : वाकून पडला. चार लोकाईसमोर. मंग खांद्यावर हात ठेवून बाजूले घेऊन गेला. म्हणे मामाजी, इतक्याशा चालानीसाठी मले कोर्टात बोलावलं? एक फोन केला असता, मीच भरून देली असती. लोक हासतात म्हणे तुमच्यावर. माह्यावर नाई, तुमच्यावर. मी म्हटलं, काजल नाई आली? म्हणजे मी विचारलं नाई वं. निघून गेलं तोंडातून.

प्रेमिला : मंग?

शालिकराम : म्हणे घरी झोपून हाय. ऊन लागलं तिले. थांबला, अन् म्हणे, तुम्हाले तिची गंज काळजी वाटते नं मामाजी. वाटाचीच. बापच हाय तुम्ही.

प्रेमिला : असं म्हणे?

शालिकराम : हासून म्हणे. खर्रा चघळत. मंग म्हणे, आत काही विचारलं तं सांभाळून घ्या. मी जे सांगीन त्याच्यात नुसती मान हलवा. तुम्ही तं दरवेळी सांभाळूनच घेता. अन् माह्या खिशातला मोबाईल काढून पाह्यला त्यानं, जसा त्याचाच हाय. फोटो पाह्यले सगळे. एकएक करून पाह्यले. म्हणे, गंज जपून ठेवले तुम्ही.

प्रेमिला : मिटवले तं नाई?

शालिकराम : नाई. परत खिशात ठेवून देला. वरतून खिशावर थापटलं.

प्रेमिला : द्या इकडं. मोबाईल माह्यापाशी ठेवते मी.

शालिकराम : तो भेत नाई वं कोणालेच. मी समजलो होतो कोर्ट पाहून भेईन. तो माह्या भरोशावर आला हाय. त्याले पक्कं मालूम हाय का म्हातारा जवायाची अब्रू जाऊ देणार नाई.

प्रेमिला : घरी झोपून हाय म्हणे नं? नक्की घरीच म्हटलं?

शालिकराम : घरीच म्हटलं.

प्रेमिला : मंग चला, चालान भरून टाकू अन् त्याच्या मांगं मांगं त्याच्या घरी जाऊ. दरवाजा उघडून दाखव म्हणू.

शालिकराम : अन् नाई उघडला तं? अन् आपण जाण्याच्या आधी तो पोहचला तं?

प्रेमिला : मले काही समजून नाई राहिलं. मी आत येत नाई. तुम्ही जा एकटे.

शालिकराम : असं नोको करू. तू मांगं उभी राहा नुसती. बोलाचं मी बोलीन. पाठ हाय मले. तुमच्या कॅमेऱ्याले हेल्मेट दिसलं... पाठ हाय. तू नुसती मांगं राहा.

(पुकारा होतो. दोघं आत जातात. निळ्या शर्टातला जावई त्यांच्या आधीच आत उभा आहे. पुढे खुर्चीवर न्यायाधीश मॅडम, बाजूला लिहून घेणारा कारकून.)

न्यायाधीश : शालिकराम कोण? तुम्ही. मागच्या तारखेला तुम्ही सांगितलं होतं की गाडी तुमचे जावई चालवत होते. हेच का ते? या, पुढे उभे राहा. थांबा. तोंडात काय आहे? आधी बाहेर थुंकून या.

प्रेमिला : अवो, तो आपल्याकडं पाहून गेला.

शालिकराम : चूप. काही बोलू नोको.

न्यायाधीश : हं. नाव? चंदन. हा फोटो पाहा. गाडी चालवणारे तुम्हीच ना? लिहून घ्या हो : फोटोतील दुचाकी मीच चालवत होतो, हेल्मेट नव्हते, हे मला कबूल आहे. बरं. दंड तुम्हीच भरताय म्हणता, चांगली गोष्ट आहे. सासऱ्यांना कशाला त्रास दिलात इतके दिवस? ... आता हे सांगा, मागे बसलेली बाई कोण? नीट पाहून सांगा. ... मोठ्याने बोला, कारकुनाला ऐकू येत नाही. ... लिहा : मागे बसलेली बाई माझ्या ओळखीची नाही. रस्त्यात लिफ्ट मागितली म्हणून बसवली.

प्रेमिला : ऐकलं तुम्ही? बोला नं.

न्यायाधीश : मागे कोण बोलतंय? शांत राहा. चंदन, ही बाई अनवाणी आहे. रस्त्यात एक अनोळखी बाई अनवाणी उभी होती, तिने लिफ्ट मागितली आणि तुम्ही तिला कुठे सोडलं? ... आठवत नाही. बरं, लिहा, आठवत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती तुमची पत्नी आहे. पत्नीलाही घेऊन यायला मी सांगितलं होतं. कागदावर लिहिलं होतं. कुठे आहेत त्या? ... कधीपासून? ... लिहा : पत्नी महिन्याभरापासून माहेरी आहे. सासू-सासऱ्यांकडे. त्यांची तब्येत बरी नसते म्हणून त्यांच्या सेवेला ठेवली आहे. सासरे सांगू शकतील. ... शालिकराम, खरं आहे का हे? मुलगी तुमच्याकडे आहे?

शालिकराम : मॅडम.

न्यायाधीश : बोला.

शालिकराम : मॅडम, ते... तुमच्या कॅमेऱ्याले...

न्यायाधीश : कॅमेऱ्याचं राहू द्या. दंड ते भरतायत, तो विषय संपला. मी तुम्हाला साधी गोष्ट विचारते आहे. मुलगी तुमच्या घरी आहे का? हो किंवा नाही. जावयांकडे काय बघता? इकडे बघून सांगा.

शालिकराम : जवाई म्हणतात ते... म्हणजे मॅडम, तसं... पोट्टी तं आमचीच हाय...

न्यायाधीश : म्हणजे हो लिहायचं का?

प्रेमिला : नाई.

न्यायाधीश : तुम्ही कोण, बाई? असं मध्ये बोलता येत नाही.

प्रेमिला : मी तिची माय हाय. मले बोलाचं नव्हतं, मॅडम. मी आत येतही नव्हती. पण याईच्या तोंडून निघत नाई अन् तुम्ही हो लिहून टाकसान. ते नोका लिहू. अर्ध्या घंट्याआधी खालती पानठेल्यावर यानं माह्या माणसाले सांगतलं, काजल घरी झोपून हाय, ऊन लागलं तिले. आता वरती येऊन तुम्हाले सांगते माहेरी हाय. माहेर तं हे हाय, मॅडम. आम्ही दोघं. तुमच्यासमोर उभे हाओ. आमच्यापाशी नाई ती. आम्ही उन्हाळा लागल्यापासून तिले पाह्यलंच नाई, तुमच्या पोलिसाच्या फोटोत सोडून.

न्यायाधीश : शालिकराम, तुमची पत्नी सांगते ते खरं आहे?

शालिकराम : ... हाव, मॅडम. खरं हाय. पोट्टी नाई आमच्यापाशी.

न्यायाधीश : पोलिसांकडे गेला होतात?

शालिकराम : गेलो होतो. यानं फोनवर सांगतलं घरी हाय. त्याईनं लिहून नाई घेतलं.

न्यायाधीश : लिहा हो. या बाईंचं नाव घ्या आणि शब्दन् शब्द लिहा. गाळू नका काही. ... चंदन, तुम्ही कुठे निघालात? दंड नंतर भरा. हवालदार, दाराशी उभे राहा, यांना बाहेर जाऊ देऊ नका. आणि ठाण्याला फोन लावा, मी बोलते. ... बाई, तुम्ही बसा.

प्रेमिला : नाई, उभी राहते. बसली तं मले उठता नाई येणार. मॅडम, याले मी काही विचारलं तं चालते का? आजपर्यंत विचारलं नाई मी.

न्यायाधीश : विचारा.

प्रेमिला : चंदन. खालती नोको पाहू, माह्याकडं पाह्य. माही पोट्टी कुठी हाय?